'हो'चा अर्थ काय धरायचा?

परदेशी ग्राहक, पुरवठादार आणि सहकारी यांच्याशी व्यवहार करणाऱ्या वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : जपानमधल्या एका कंपनीला आम्ही यंत्रांच्या सुट्या भागांचा प्रस्ताव दिला. तीन बैठका झाल्या. आमच्या प्रत्येक वाक्यावर समोरून 'हाइ, हाइ' येत होतं. शेवटी ते 'केन्तो शिमासु' म्हणाले. त्याचा अर्थ 'विचार करू' असा दुभाष्याने सांगितला. सहा आठवडे झाले, उत्तर नाही. हा नकार समजायचा का?

नकार एवढ्यात समजू नका, पण होकार तर मुळीच धरू नका. 'हाइ'चा शब्दकोशातला अर्थ 'हो' असला तरी संभाषणात तो बहुतेक वेळा आपल्याकडच्या हुंकारासारखा असतो : ऐकतोय, पुढे बोला. 'केन्तो शिमासु' दोन्हीकडे जाऊ शकतं. कधी खरोखर विचार चालू असतो, तर कधी तो सौम्य नकार असतो. 'मुझुकाशी', म्हणजे 'कठीण आहे', हे शब्द मात्र कानावर आले तर बहुधा दार बंद झालेलं असतं. आपण 'कठीण' ऐकलं की अडचण सोडवायला धावतो आणि समोरचा आणखी अवघडतो.

सहा आठवड्यांचं कारण निर्णयाच्या रीतीत असू शकतं. अनेक जपानी कंपन्यांत प्रस्तावाचा कागद संबंधित विभागांतून फिरतो आणि प्रत्येक जण त्यावर आपली मोहोर उमटवतो. याला 'रिंगी' म्हणतात. त्याआधी एकेकाला भेटून मत आजमावलं जातं, ती 'नेमावाशी'. हा मूळचा बागकामातला शब्द. मोठं झाड हलवण्याच्या बऱ्याच आधी त्याच्या मुळांभोवती खणून तयारी करतात, तसं. बैठकीत दिसतो तो आधीच जुळलेल्या मताचा उच्चार. म्हणून बैठकीतच निर्णय मागणं निष्फळ ठरतं.

प्रस्ताव जिवंत आहे का, हे प्रश्नांवरून ओळखा. चाचणीचे अहवाल, पॅकिंग, तक्रार आल्यास किती दिवसांत उत्तर द्याल अशी बारीक चौकशी चालू असेल, पत्रव्यवहारात नवी नावं येत असतील, नमुने मागितले असतील, तर कागद फिरतो आहे. प्रश्न आटले, पुढच्या भेटीची तारीख ठरत नाही आणि तेच वाक्य पुन्हा येतं, तर आशा कमी.

आता करायचं काय? ज्या माणसाशी रोजचा संपर्क आहे, त्यालाच एकट्याला लिहा. 'निर्णय झाला का?' हे विचारू नका. 'आपल्या अंतर्गत चर्चेसाठी आणखी कोणते कागद लागतील? आणखी कोणत्या विभागाला माहिती हवी आहे?' असं विचारा. सोबत एका पानाचा जपानी सारांश द्या : दर, दराची मुदत, माल पोचवायला लागणारे दिवस, गुणवत्तेची प्रमाणपत्रं, बिघडलेला माल बदलून देण्याची पद्धत. तुमच्या बाजूने कंपनीत बोलणाऱ्या माणसाच्या हातात हा कागद असला, तर त्याचं काम अर्ध्यावर येतं.

दराला मुदत घालाच. 'हा दर या महिन्याच्या ३० तारखेपर्यंत लागू' असं लिहिलं की त्यांना तोंडाने नकार द्यावा लागत नाही. मुदत उलटली की दोघांनाही कळतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलायची वाट मोकळी राहते.

दोन चुकांनी जुळत आलेलं काम मोडतं. एक, संपर्कातल्या माणसाला ओलांडून त्याच्या साहेबाला लिहिणं. त्याने आतापर्यंत केलेली सगळी मशागत त्यात वाया जाते. दुसरी, शांततेला घाबरून आपणहून दर कमी करणं. मग आधीचा दर फुगवलेला होता अशी शंका येते, आणि आकडे बदलल्यामुळे फिरणारा कागद पुन्हा पहिल्यापासून फिरवावा लागू शकतो.

प्रश्न : नेदरलँड्समधल्या ग्राहकाने आमच्या आराखड्यावर 'हे चालणार नाही. पान ४ वरचा हिशेब चूक आहे.' एवढंच लिहून पाठवलं. आमची तरुण सहकारी फार दुखावली आहे. ग्राहक नाराज आहे का?

या दोन वाक्यांवरून तसं काही दिसत नाही. डच आणि जर्मन कामकाजात टीका वस्तूवर असते, माणसावर नाही, असा समज दोन्ही बाजूंनी गृहीत असतो. जर्मन भाषेत 'झाखलिश', म्हणजे मुद्द्याला धरून, हा कौतुकाचा शब्द आहे. 'थोडंसं', 'कदाचित', 'जरा' असे वाक्य मऊ करणारे शब्द तिथे कमी वापरतात, उलट 'पूर्णपणे', 'अजिबात' असे जोर वाढवणारे शब्द सहज येतात. तेच वाक्य इंग्रजीत उतरलं की आपल्याला चपराक वाटते.

सहकारीला सांगा, उत्तर त्याच घडणीचं द्यायचं. पहिल्याच ओळीत : 'पान ४ वरचा हिशेब तपासला, तिसऱ्या रकान्यातली बेरीज चुकली होती, सुधारित पान सोबत आहे.' मग दुसरा मुद्दा. चार ओळींची दिलगिरी नको. 'लक्ष घालतो' तर नकोच, कारण त्यात ना तारीख, ना काम. हिशेब बरोबर असेल तर तसं स्पष्ट सांगा आणि आकडे दाखवा. तिथे याला उद्धटपणा समजत नाहीत. पण त्यांची नक्कलही करू नये. जर्मन माणूस रेखाचित्रावर सडेतोड बोलतो आणि त्याच वेळी समोरच्याला 'झी' हे आदरार्थी संबोधन, आडनाव आणि डॉक्टरेटची पदवी लावून बोलतो. आपण फक्त सडेतोडपणा उचलला, तर तो उद्धटच दिसतो.

याच्या उलट त्रास ब्रिटिश शेऱ्यांचा. 'क्वाइट गुड' हे अमेरिकी माणसाच्या तोंडी कौतुक असतं, ब्रिटिश तोंडी अनेकदा 'ठीकठाक'. 'काही किरकोळ सूचना आहेत' याचा अर्थ अर्धा मसुदा पुन्हा लिहा असाही निघू शकतो. 'टेबल' हे क्रियापद तर या दोन देशांत एकमेकांच्या विरुद्ध जातं : ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेणं, अमेरिकेत तो बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांचा या एका शब्दावरून कडाक्याचा वाद झाल्याची नोंद चर्चिल यांनी केली आहे. यावर एकच प्रश्न पुरतो : 'यांतल्या कोणत्या गोष्टी बदलल्याशिवाय आपण मंजुरी देणार नाही?' उत्तरात सूचना आणि अट आपोआप वेगळ्या होतात.

प्रश्न : आखाती देशातला ग्राहक प्रत्येक तारखेवर 'इन्शाल्लाह' म्हणतो. हे टाळणं आहे का?

शब्दावरून ठरवू नका. भविष्याबद्दल बोलताना तो श्रद्धेने म्हटला जातो, पक्क्या बेतालाही आणि कच्च्यालाही. फरक पुढच्या तपशिलात दिसतो. 'गुरुवारी सकाळी पतपत्राचा (लेटर ऑफ क्रेडिटचा) मसुदा कोणती बँक पाठवेल आणि तिथे कोणाशी बोलू?' असं विचारा. बँकेचं आणि माणसाचं नाव आलं, तर बेत पक्का आहे.

प्रश्न : व्हिडिओ बैठकीत आमचे पूर्व आशियातले सहकारी गप्प असतात, अमेरिकेतले सारखे बोलतात. मी गप्प राहणाऱ्यांची संमती धरतो. हे बरोबर आहे का?

नाही, आणि कायदाही तुमच्या बाजूने नाही. मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीसंबंधीचा संयुक्त राष्ट्रांचा १९८० चा व्हिएन्ना करार अनेक देशांत लागू आहे. त्याचं १८ वं कलम स्पष्ट सांगतं की नुसतं मौन किंवा काहीच न करणं म्हणजे स्वीकार नव्हे.

शांततेचा अर्थ लावताना आपले कानही फसवतात. संभाषणाच्या अभ्यासक तान्या स्टायव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांतली साधी प्रश्नोत्तरं मोजली. प्रश्न संपल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ सरासरी एका सेकंदाच्या पाचव्या भागाइतका, म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंद निघाला. सगळ्यात झटपट उत्तरं जपानी बोलणाऱ्यांची होती, सगळ्यात सावकाश डॅनिश. म्हणजे 'जपानी माणसं मुळातच हळू उत्तर देतात' हे खरं नाही. बैठकीतली त्यांची शांतता बैठकीची असते : कोण वडीलधारं आहे, आधी कोणी बोलायचं, परक्या भाषेत वाक्य कसं जुळवायचं, यातून आलेली. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात चार सेकंदांची शांतता पाहणाऱ्यांनाही अस्वस्थ करून गेली. काहींना ती खुपते म्हणून ते ती भरून काढतात, आणि बाकीच्यांची पाळी निघून जाते.

त्यात यंत्राची भर पडते. दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय मानकात आवाज एका दिशेने पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालण्याजोगा मानला आहे. जाऊन-येऊन तो ३०० होतो, माणसांच्या स्वाभाविक विरामाहून जास्त. जो फट मिळाल्यावर बोलायचं म्हणून थांबतो, त्याला ती फट ऐकूच येत नाही.

म्हणून विषय आणि नेमके प्रश्न २४ तास आधी लेखी पाठवा. बैठकीत प्रश्न टाकल्यावर सगळ्यांना दोन मिनिटं लिहायला द्या, मग नाव घेऊन पाळी द्या. पाळी कनिष्ठांपासून सुरू करण्याचा मोह होतो, पण कोरियन किंवा जपानी गटात त्याने कनिष्ठ पेचात पडतो. वरिष्ठाला आधी खाजगीत विचारा, त्यांच्या वतीने कोण बोलेल. संमती हवी असेल तिथे बैठकीनंतर त्याच दिवशी ठराव लिहून पाठवा आणि प्रत्येकाचं लेखी उत्तर मागा. 'उत्तर न आल्यास मान्य समजू' ही ओळ काढून टाका.

प्रश्न : तारखा आणि आकड्यांत वारंवार घोळ होतात. काही ठरावीक नियम?

हे घोळ सर्वांत महाग पडतात आणि टाळायला सर्वांत सोपे आहेत. ०३/०४/२०२६ ही तारीख ब्रिटनमध्ये ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. महिना अक्षरांत लिहा किंवा वर्ष, महिना, दिवस या क्रमाने २०२६-०४-०३ असं लिहा. हा क्रम आंतरराष्ट्रीय मानकातला आहे. जर्मनीत १.२५० म्हणजे एक हजार दोनशे पन्नास, अमेरिकेत सव्वा. वजन लिहिताना ना टिंब ना स्वल्पविराम, सरळ १२५० किलो. जर्मन 'बिलिऑन' इंग्रजी बिलियनच्या हजारपट असतो. इंग्रजी बिलियनला जर्मनमध्ये 'मिलिआर्डं' म्हणतात.

जर्मन कारखाने मालाची तारीख आठवड्याच्या क्रमांकाने देतात : 'केडब्ल्यू १४', म्हणजे वर्षाचा चौदावा आठवडा. हा आठवडा सोमवारी सुरू होतो. अमेरिकी दिनदर्शिकेत तो बहुधा रविवारी सुरू होतो आणि क्रमांकही वेगळा येऊ शकतो. तारीखही मागून घ्या. फोनवर जर्मन माणूस 'हाल्ब ड्राय' म्हणाला तर ते अडीच. ब्रिटिश माणसाचं 'हाफ थ्री' साडेतीन. मार्चमध्ये आणखी एक खड्डा आहे : अमेरिकेत घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत नेहमीची बैठक एका तासाने सरकते. निमंत्रणात जागतिक प्रमाणवेळ लिहावी.

'एफओबी' ('फ्री ऑन बोर्ड', म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची जबाबदारी विकणाऱ्याची) नुसतं लिहू नका. अमेरिकेतल्या देशांतर्गत व्यवहारात ही अक्षरं ट्रकच्या मालालाही लावतात आणि जोखीम कुठे बदलते याचा अर्थ वेगळा होतो. 'एफओबी, बंदराचं नाव, इन्कोटर्म्स २०२०' असं पूर्ण लिहा. इन्कोटर्म्स म्हणजे व्यापारातल्या अशा अटींचे आंतरराष्ट्रीय नियम. माल कंटेनरमधून जाणार असेल तर एफसीए ('फ्री कॅरिअर', म्हणजे माल वाहतूकदाराच्या ताब्यात देईपर्यंतची जबाबदारी) जास्त योग्य.

प्रश्न : पहिल्यांदाच दुभाषी घेऊन चीनमध्ये वाटाघाटी करणार आहोत. तयारी काय करावी?

वेळ दुप्पट धरा. आपण बोलायचं, थांबायचं, मग दुभाष्याने सांगायचं, या पद्धतीत एका तासाच्या विषयाला दोन तास लागतात. एकाच वेळी कानात भाषांतर हवं असेल तर दोन दुभाषी लागतात. ते साधारण २० ते ३० मिनिटांनी पाळी बदलतात, कारण त्यापुढे चुका वाढतात.

दुभाषी तुमचा असावा, समोरच्यांचा उसना घेऊ नये. त्याला तीन-चार दिवस आधी विषयपत्रिका, हजर राहणाऱ्यांची नावं आणि हुद्दे, तुमच्या धंद्यातल्या ३०-४० शब्दांची यादी आणि सगळे आकडे द्या. बैठकीआधी १५ मिनिटं भेटा. दोन-तीन वाक्यं बोलून थांबा. नजर समोरच्या माणसाकडे ठेवा, दुभाष्याकडे नव्हे. म्हणी, कोट्या आणि आद्याक्षरांची रूपं टाळा.

आकडे बोलू नका, फळ्यावर लिहा. चिनी आणि जपानी भाषांत मोठी मोजणी दहा हजारांच्या गटाने चालते. दहा लाख म्हणजे तिथे 'शंभर दहाहजार'. अनुभवी दुभाषीही इथे एखादं शून्य चुकतो.

नकारार्थी प्रश्न अजिबात विचारू नका. 'तुमच्याकडे माल शिल्लक नाही ना?' याला आपण मराठीत 'हो, नाही' म्हणतो. चिनी आणि जपानीतही होकार तसाच वाक्याला दिलेला असतो. इंग्रजीत मात्र 'नो' म्हणावं लागतं. तीन भाषा एका खोलीत असल्या की हा 'हो' कोणाचा, हे कोणालाच कळत नाही. 'किती नग शिल्लक आहेत?' हा प्रश्न सुरक्षित.

'काओलू काओलू' (विचार करू) किंवा 'यान्च्यू यान्च्यू' (अभ्यास करू) ऐकू आलं तर चारचौघांत पिच्छा पुरवू नका. सगळ्यांसमोर नाही म्हणायला लावणं म्हणजे दोघांचीही 'म्येन्झ', म्हणजे पत, घालवणं. मधल्या सुट्टीत किंवा जेवणानंतर दुय्यम माणसाशी एकट्याने बोला. दुभाष्याला त्याचं निरीक्षण जरूर विचारा, पण सौदा त्याच्यावर सोपवू नका.

शेवटची १५ मिनिटं राखून ठेवा. ठरलेलं दोन्ही भाषांत मोठ्याने वाचा. करारात कोणत्या भाषेतली प्रत ग्राह्य धरायची, हे लिहून घ्या. ही ओळ नसेल तर दोन प्रतींतला फरक पुढे वकिलांचं काम होतो.

प्रश्न : तीन देशांतले गट माझ्या हाताखाली आहेत. दर आठवड्याला सगळे 'वेळेत आहे' म्हणतात आणि शेवटच्या दिवशी उशीर कळतो. खोटं बोलतात का?

'वेळेत आहे का?' हा प्रश्न वरिष्ठाने सर्वांसमोर विचारला, तर हुद्द्याचं अंतर जपणाऱ्या ठिकाणी त्याला एकच सभ्य उत्तर असतं. दोष त्या माणसांचा कमी, प्रश्नाचा जास्त.

२५ जानेवारी १९९० ला आव्हियान्का या कोलंबियाच्या विमान कंपनीचं ५२ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले. तासाहून जास्त वेळ विमान घिरट्या घालत थांबवलं गेलं होतं. इंधन संपत चाललंय, प्राधान्य द्या, असं वैमानिकांनी सांगितलं होतं. पण 'इमर्जन्सी' हा ठरलेला शब्द त्यांनी उच्चारला नाही, आणि नियंत्रकांपर्यंत निकड पोचली नाही. तीव्रता सुरावरून किंवा सूचकतेवरून ओळखायची ठेवली, की ती सीमेपलीकडे हरवते. म्हणून शब्द आधी ठरवा आणि त्यांना आकडे जोडा.

उदाहरणार्थ : हिरवा म्हणजे उशीर नाही, पिवळा म्हणजे १ ते ३ दिवसांचा संभव, लाल म्हणजे त्याहून जास्त. रंग बैठकीच्या आदल्या दिवशी लेखी आणि फक्त तुम्हालाच कळवायचा. बैठकीत 'वेळेत आहे का?' ऐवजी 'कोणती कामं शिल्लक आहेत आणि कोणाची वाट पाहताय?' असं विचारा. पहिला लाल रंग दाखवणाऱ्याला सर्वांसमोर तासभर फैलावर घेतलं, तर पुढे सहा महिने सगळं हिरवंच दिसेल. त्याला काय मदत लागेल, एवढंच विचारा आणि ती त्याच दिवशी द्या.

प्रश्न : देशांच्या स्वभावांचे तक्ते मिळतात. कर्मचाऱ्यांना ते शिकवावेत का?

ओळख म्हणून, तासाभरात. एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये अर्थ किती शब्दांत आणि किती संदर्भात असतो हा भेद मांडला. तो विचार करायला फार उपयोगी आहे. डच संशोधक खीर्ट हॉफस्टेड यांचे देशांच्या स्वभावांचे प्रसिद्ध आकडे १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम या एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत, आणि ते देशांच्या सरासरीचे आहेत. समोर बसलेल्या माणसाला ते लावू नयेत, असं त्यांनी स्वतःच बजावलं होतं. दहा वर्षं परदेशात राहिलेला जपानी अभियंता आणि घरच्या कंपनीत वाढलेला डच व्यवस्थापक तक्त्यात बसत नाहीत. शिकवण्याचा बाकीचा वेळ तुमच्याच जुन्या पत्रव्यवहारावर घालवा : कुठे गैरसमज झाला आणि कोणत्या वाक्याने.

प्रश्न : पहिल्या पत्रात नाव कसं लिहावं?

चिनी, कोरियन, जपानी आणि हंगेरियन पद्धतीत आडनाव आधी येतं, पण परदेशी पत्रव्यवहारात अनेक जण क्रम उलटतात. त्यामुळे क्रमावरून अंदाज बांधू नका, त्यांची सही पाहा. आडनाव ठळक मोठ्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत बरीच रुळली आहे. तुम्हीही तसंच लिहा. स्पॅनिश नावात दोन आडनावं असतात आणि हाक बहुधा पहिल्याने मारतात, पोर्तुगीज नावात शेवटच्याने. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनावच नसतं, पहिल्या नावानेच बोलावतात. जपानी माणसाला आडनावानंतर 'सान' लावा, स्वतःच्या नावाला मात्र कधीही नाही. शंका असली तर पूर्ण नाव लिहा आणि पत्राच्या शेवटी विचारा, 'आपल्याला कसं संबोधू?' उत्तर आलं की ते ग्राहकाच्या नोंदीत उच्चारासह लिहून ठेवा, म्हणजे पुढचं पत्र लिहिणाऱ्या सहकाऱ्याला पुन्हा विचारावं लागणार नाही.